कुरियरनेच जाईल

जेवणाच्या टेबलावर उन्नतीने ठेवलेले पार्सल मला दिसले आणि हातातली फुलांची परडी मी नकळत खुर्चीवर टेकवली. पार्सल लहानसेच होते. मांजरपाटात शिवलेले, आत जुनी वर्तमानपत्रे कोंबलेली. नमुन्यादाखल केलेले आहे हे उघड दिसत होते. माझी नजर अडकली ती शिवणीत. तीन टाके सरळ, चौथा मागे वळून आधीच्या टाक्याच्या पोटातून वर आलेला आणि गाठ होऊन बसलेला. पुन्हा तीन सरळ, पुन्हा चौथा मागे. गावच्या पोस्टात पार्सलांच्या खिडकीमागे सव्वीस वर्षे बसलेल्या माणसाच्या हातची ती शिवण होती. माझे यजमान श्रीरंग. त्यांना जाऊन त्या ऑक्टोबरात अकरा वर्षे पूर्ण होत होती, आणि त्यांचा टाका माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मला न विचारता पुन्हा घातला गेला होता. मी सुनेला विचारले, हे कोणी शिवले. संगणकावरची नजर न काढता ती म्हणाली, "मीच, आई. काल रोझमेरी आंटींनी शिकवलं. छान आहे ना?"

छान आहे, असे मी म्हणाले असावे. मग फुले घेऊन देवघरात गेले आणि जास्वंदीचे देठ खुडता खुडता माझ्या लक्षात आले की मी पाकळ्याही खुडते आहे. मत्सर हा शब्द माझ्या वयाच्या बाईने स्वतःविषयी वापरावा असा नाही. सत्तर वर्षांच्या बाईला राग शोभतो, कंटाळा शोभतो, फार तर अभिमान. परंतु छातीच्या डाव्या बाजूला, पदराखाली, जे काही त्या सकाळी तापून उठले ते मी ओळखत होते. चौतीस वर्षांपूर्वी ते प्रथम आले तेव्हाही ते नेमके त्याच जागी होते.

सुकेळी करणे हे आमच्या आगाशीकडच्या वाड्यांतले जुने काम. राजेळी केळी पूर्ण पिकवायची, सोलायची आणि मांडवावर माघ ते वैशाखाच्या उन्हात आठ-दहा दिवस वाळवायची. संध्याकाळी खारा वारा सुटण्याआधी झाकायची, सकाळी उघडून एकेक हाताने उलटायची. तांबूस, मऊ, मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळल्या सोपटात गुंडाळून जुड्या बांधायच्या. या घरात येऊन मला पन्नास वर्षे झाली, त्यांतली तीस तरी त्या मांडवावर माझा हुकूम चालला. माझ्या शब्दाशिवाय एक केळे उलटले गेले नाही. आमची सुकेळी परगावी जात ती नेहमी माणसाच्या हाती. भाचा पुण्याला निघाला, कोणाची नागपूरला बदली झाली, की त्याच्या पिशवीत दोन जुड्या. ती कशी बांधून कुठे पाठवावीत हा प्रश्न आमच्या घरात कधी उद्भवला नव्हता. तो उद्भवला उन्नतीमुळे. ती सातिवलीच्या एका कारखान्यात ऑफिस सांभाळत असे. कारखाना गुजरातेत हलला आणि ती घरी बसली. त्या पावसाळ्यात माझ्या मुलाने, सुमेधने, तिला सुकेळी विकण्यासाठी एक वेबसाइट करून दिली. तिच्यावर मांडवावरची केळी उलटणारे दोन हात दिसतात ते माझे. चेहरा नको, असे मीच बजावले होते. गणपती गेले आणि ऑर्डरी येऊ लागल्या. इंदूरहून, हैदराबादहून, कुठे कुठे गेलेल्या वसईच्या माणसांकडून. दिवाळीच्या आत साठ-पासष्ट घरी सुकेळी पोचायला हवी होती. सुमेधने तिला दिवाळीपर्यंतच मुदत दिली होती. जमले तर दुकान, नाही तर मनवेलपाड्याच्या एका क्लासमधली नोकरी तिच्यासाठी थांबलेली होती. ती नोकरी तिला नको होती. ती हे कोणाला म्हणाली नाही. पण ऑर्डर आल्याची सूचना वाजली की कणकेचे हात तसेच घेऊन ती संगणकाकडे धावत असे, हे मी पाहत होते. सुकेळी होती ती उन्हाळ्यातली, कोठीत पत्र्याच्या डब्यांत वाळल्या पानांच्या थरांत ठेवलेली. संपली की माघापूर्वी नवी हाती येणार नव्हती.

कसे पाठवावे याचा विचार तिने तिच्या पद्धतीने चालवला होता. वहीत रकाने पाडून एका बाजूला पोस्ट, दुसऱ्या बाजूला कुरियर, आणि तिसऱ्या बाजूला रात्रीच्या खाजगी बसगाड्यांबरोबर पेट्या धाडण्याची सोय. दिवस किती, फुटण्याची भीती किती, दारापर्यंत कोण पोचवते. त्या वहीत माझ्या मताला रकाना नव्हता. तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मला विचारल्याशिवाय बोलण्याची सवय नाही, आणि त्या घरात मला न विचारण्याची सवय कोणाला नव्हती. ती दुपारची भांडी आवरली की बावखलाच्या कडेने पलीकडच्या वाडीत जात असे. बावखल म्हणजे दोन्ही वाड्यांना पाणी देणारे आमच्यामधले तळे. त्याच्या एका काठाला आमचे घर, दुसऱ्या काठाला रोझमेरीचे. रोझमेरीने तिच्या नवऱ्याला, बर्नार्डला, कुवेतला वर्षानुवर्षे पार्सले पाठवली होती, पुढे मुलाला, फेबियनला पाठवली. गावात पार्सलाविषयी विचारायचे तर तिलाच विचारावे, हे वाजवी होते. वाजवीपणाने माझे काही भागले नाही. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसे आणि पलीकडच्या ओटीवर सुनेची निळी ओढणी दिसे, तिच्याजवळ रोझमेरीचे पांढरे डोके दिसे. पाण्यावरून हसण्याचा आवाज येई. शब्द येत नसत.

चौतीस वर्षांपूर्वीही शब्द आले नव्हते. बर्नार्ड कुवेतला गेला त्या वर्षीच्या डिसेंबरात आमचे यजमान पोस्टातून परस्पर पलीकडे जाऊ लागले. परदेशी पार्सलाची शिवण घट्ट लागते, वर लाखेच्या मोहोरा लागतात, फॉर्म भरावे लागतात. बाई एकटी, पदरी लहान मूल, शेजारधर्म म्हणून करतो, असे ते म्हणाले. मी मान डोलावली. माझ्यासारखीने दुसरे काय करायचे असते? नाताळच्या आधीचे पंधरा दिवस, चार वर्षे ओळीने, ते संध्याकाळी तासभर त्या ओटीवर बसत. घरी येत तेव्हा त्यांच्या बोटांना लाखेचा आणि मेणबत्तीचा वास असे, आणि अंगठ्याला सुई टोचल्याचे बारीक तांबडे ठिपके. जेवताना ते आमटीच्या वाटीकडे पाहून मधेच हसत. एकदा मी पाणी काढायच्या निमित्ताने बावखलाशी गेले. ओटीवर दोघे समोरासमोर होते, मांडीवर मांजरपाटाची गुंडाळी. यजमानांनी दोऱ्याचे टोक दातांत धरले होते आणि रोझमेरी पुढे वाकून कात्रीने तो दोरा त्यांच्या ओठांपाशी कापत होती. एवढेच. कात्रीचा आवाज मला ऐकू आला असे मला आजही वाटते. इतक्या लांबून तो येणे शक्य नाही. घागर भरली नव्हती तरी मी ती डोक्यावर घेतली आणि परत आले. त्या रात्री त्यांनी विचारले की आपण कोणाला पार्सल पाठवायचे असेल तर सांग, मी शिवून देईन. मी म्हणाले, आपली माणसे हाताने घेऊन जातात. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर सुई हातात धरलेली मला आठवत नाही. पोस्टाच्या खिडकीवर लोकांनी सैल शिवून आणलेली पार्सले ते बसल्या जागी पुन्हा शिवून देत, तीन टाके सरळ, चौथा मागे, आणि गाव त्यांच्या हाताची वाखाणणी करी. माझ्या घरात मात्र त्या हातची एक शिवण नव्हती. मी मागितली नाही म्हणून नव्हती, हे मला समजत होते. समजण्याने तो वास जात नसे.

रविवारी जेवताना सुमेधने विषय काढला. काय ठरले, पोस्ट की कुरियर? उन्नती म्हणाली, पोस्टच, रजिस्टर पार्सल, कापडात शिवून. रोझमेरी आंटी म्हणतात कापडातून वारा खेळतो, माल टिकतो. त्या स्वतः मदतीला येणार आहेत, आमच्याच ओटीवर बसून दोघी मिळून शिवू. माझ्या ओटीवर. तो टाका. मी ताक ओतत होते. ताक वाटीच्या काठापर्यंत आले तरी मी ओततच होते, असे सुमेध नंतर म्हणाला. मी तांब्या खाली ठेवला आणि सांगितले, "पोस्ट नको. कुरियरनेच जाईल."

सुमेध हसू लागला. "आई, बाबांची अख्खी हयात पोस्टात गेली, आणि तू कुरियर म्हणतेस?"

"बाबांचं पोस्ट बाबांबरोबर गेलं," मी म्हणाले.

त्यानंतर मी कारणे दिली आणि ती सर्व खरी होती. दिवाळी जवळ आली आहे. कुरियर दोन-तीन दिवसांत दारात नेऊन देते. बसून साठ पार्सले शिवण्यात आठवडा जाईल. माझ्या तोंडून कुरियरचे गुण ऐकून सुमेधला इतके नवल वाटले की त्याला ते पटलेच. जुन्या माणसाने नव्याची बाजू घेतली की घरात तिला वेगळेच वजन येते. उन्नती माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने वही ओढली आणि पोस्टाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. तिला हुकूम मोडता येत नव्हता असे नाही. तिने तो मोडला नाही, कारण त्या हुकुमात तिचे भले आहे असे तिला वाटले. त्या दुपारी मी गाढ झोपले. झोपेतून उठले तेव्हा पलीकडच्या ओटीवर निळी ओढणी नव्हती, आणि मला चहा नेहमीपेक्षा गोड लागला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पलीकडे जाऊन आली आणि मी कोठीत डबे काढत होते तिथे दारात उभी राहिली. कुरियरवाले सगळे प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून नेतात. रोझमेरी आंटी म्हणतात, बंद प्लास्टिकात सुकेळ्यांना घाम सुटतो, या दिवसांच्या उकाड्यात तर नक्की. मग ती म्हणाली, "आंटींनी सांगितलं, वसुंधराबाईंना विचार, त्यांच्याइतकं सुकेळ्यांतलं कोणाला कळत नाही. खरंच घाम सुटतो का हो, आई?"

मी हातातल्या जुडीचे सोपट सरळ करत होते. सुटतो, हे मला ठाऊक होते. एका वर्षी माझ्या जावेने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली चार केळी तिसऱ्या दिवशी ताडीसारखी आंबलेली मी स्वतः उचलून गुरांपुढे टाकली होती. ते सांगायला एक वाक्य पुरले असते. पण ते वाक्य माझ्या आधी पलीकडच्या ओटीवर बोलले गेले होते. मी हो म्हटले असते तर मी रोझमेरीचे म्हणणे उचलून धरणारी साक्षीदार झाले असते, माझ्या स्वतःच्या सुकेळ्यांच्या बाबतीत. आणि मग कापड येणार होते, सुई येणार होती, आणि ती माझ्या ओटीवर येऊन बसणार होती. मी म्हणाले, "कच्ची वाळलेली असतील तर सुटतो. ही माझी सुकेळी आहेत, तिची नव्हेत."

उन्नतीचा चेहरा उजळला. मला अजून तो चेहरा दिसतो. तिला माझ्याकडून एवढेच हवे होते, की माझी सुकेळी चांगली आहेत.

तुळिंजच्या कुरियरच्या ऑफिसातून प्रल्हाद नावाचा माणूस पिशव्यांचा गठ्ठा घेऊन आला. चाळिशीचा, बोलका, घाम पुसत काम करणारा. आम्ही जुड्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरत होतो, तो खोके पिशवीत सरकवून वरून तळहाताने दाबत होता. "काकी, हवा राहायला नको आत," असे तो प्रत्येक खोक्याला म्हणे आणि चिकटपट्टी ओढे. चिकटपट्टीचा तो चर्र आवाज दिवसभर माझ्या दातांत होता. त्या सकाळी पहिली चाळीस गेली. उरलेली चोवीस पुढच्या खेपेला जाणार होती, खोकी संपली म्हणून. एक जास्तीची जुडी उन्नतीने, पिशवीचे माप पाहण्यासाठी, नुसतीच प्लास्टिकात बंद करून खिडकीत ठेवली होती. प्रल्हाद गेल्यावर मी खिडकीशी आले. ऊन सरकून त्या पिशवीवर आले होते. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, आरशावर श्वास टाकावा तसा एक पांढुरका डाग धरला होता, आणि त्यातून एक थेंब निघून हळूहळू सोपटावर उतरत होता. त्याचा टेम्पो तेव्हा अजून मुख्य रस्त्याला लागलाही नसेल. प्रल्हादचा मोबाइल नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. उन्नती स्वयंपाकघरात गाणे गुणगुणत भात उपसत होती. मी ती पिशवी उचलली आणि डाग खाली जाईल अशी उलटी करून ठेवली. मग जुडीवर एक वर्तमानपत्र ठेवले. माझ्या हातांनी हे केले. वेबसाइटवर दिसतात त्याच. माझ्या मनात त्या क्षणी चाळीस घरे नव्हती, सुनेची नोकरी नव्हती. एक ओटी होती, आणि तिच्यावर कोणी शिवायला बसलेले नव्हते.

पाचव्या दिवशी इंदूरच्या बाईने फोटो पाठवला. त्यानंतर रोज दोन, तीन पत्रे. शनिवारी एक पार्सल परत आले. हैदराबादच्या माणसाने आत चिठ्ठी लिहिली होती की आईला शेवटच्या आजारात गावची चव द्यावी म्हणून मागवली होती. उन्नतीने ते टेबलावर उघडले. आंबूस, उबदार वास खोलीभर झाला. सोपट काळे पडून लिबलिबीत झाले होते आणि केळ्यांवर पांढरी लव आली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. चिठ्ठी वाचून तिने ती घडी घालून वहीत ठेवली, केळी कागदात गुंडाळून बाहेर नेली आणि टेबल फडक्याने दोनदा पुसले. मी पाहत होते. सुमेधने खुर्चीत बसल्या बसल्या क्लासच्या बाईंना फोन करावा का, असे विचारले. ती म्हणाली, उद्या सांगते. माझ्याकडे तिने पाहिले नाही. मला वाटले, ती स्वतःला दोष देते आहे. आणि सुटल्यासारखे वाटण्याऐवजी माझ्या मनात भीती शिरली ती निराळीच. रोझमेरीला ठाऊक होते. रोझमेरीने सांगितले होते, वसुंधराबाईंना विचार. ती उद्या एवढेच जरी म्हणाली की, त्यांना नक्की माहीत असणार, तर या घरात मी काय उरेन?

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी बावखलाच्या कडेने गेले. चपला काढून ओटीवर चढले. रोझमेरी सुपारी कातरत होती. मला पाहून तिने अडकित्ता खाली ठेवला आणि पाट सरकवला. माझ्याशी बोलताना ती घरची बोली बाजूला ठेवी आणि चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत वाचतात तशी मराठी काढी. तिचा तो आदर मला आयुष्यभर टोचत आला. मी म्हणाले की उन्नतीचा माल नासला. ती म्हणाली, ऐकले, फार वाईट झाले. मी म्हणाले की त्या घामाच्या गोष्टीवर आता पुन्हा चर्चा नको, पोरीला उगाच दुःख होईल. हे म्हणताना माझा आवाज नेहमीसारखाच, आज्ञेचा होता. पण मी याचना करत होते, आणि तिला ते ऐकू गेले. ती म्हणाली, "मी काय सांगणार, वहिनी? मी तुमचं नाव घेतलं तेवढंच. बाकी तिला डोळे आहेत."

मी उठायला हवे होते. उठले नाही. कोपऱ्यात मांजरपाटाचे तुकडे घडी करून ठेवलेले होते, वर जाड सुई खोचलेली. जे विचारायला मी आले नव्हते ते मी विचारले. किंवा विचारले नाही, सांगितले; मला विचारता येत नाही. मी म्हणाले, "तो टाका यांचा आहे. तो माझ्या सुनेला शिकवायचा होता तर मला सांगायचं होतं."

रोझमेरी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी नवल होते, मग काहीतरी दुसरे, जे मला दयेसारखे वाटले आणि म्हणून सहन झाले नाही. ती म्हणाली, "श्रीरंगभाऊंचा? वहिनी, तो माझ्या आईचा टाका. आई आमच्या चर्चमधल्या वेदीची वस्त्रं शिवायची." मग तिने सांगितले. पहिल्या वर्षी भाऊंनी शिवलेले पार्सल मोठ्या पोस्टातून परत आले, शिवण सैल म्हणून शेरा मारून. पोस्टातल्या माणसाचे पार्सल पोस्टाने परत केले. ते फार ओशाळले. सुई धरताच येत नव्हती, हात जड, दर टाक्याला अंगठा टोचून घेत. तेव्हा तिने शिकवायला घेतले. ते चार वर्षे येत राहिले कारण चार वर्षे त्यांना तो चौथा टाका नीट येईना. ओटीवर शिवून उसवून शिवून उसवून दोघांची हसून मुरकुंडी वळे. "मी म्हणायची, वहिनींना सांगा, त्या बसवतील हात. तर म्हणायचे, नको. वसुंधरेला कळलं की मला साधी शिवण येत नाही, तर ती काही बोलणार नाही, फक्त बघेल."

फक्त बघेल. मी तशी बघते. मला ते ठाऊक आहे. सुमेध लहानपणी त्या बघण्याने पाटीवरची बेरीज पुसून टाकी. चौतीस वर्षे मी हेवा केला तो त्यांचा हात तिच्यासाठी कुशल होता म्हणून. आता कळत होते की तिच्यासमोर तो अकुशल असू शकत होता. अंगठा टोचला तर तिथे हसता येत होते. माझा मत्सर त्या ओटीवर विझायला हवा होता. तो विझला नाही, त्याने फक्त जागा बदलली आणि अधिक खोल जाऊन बसला. कात्रीने दोरा कापणाऱ्या बाईला मी क्षमा करू शकले असते. ज्या घरात माझ्या माणसाला चुकता येत होते त्या घराला कशी करू? रोझमेरीने सुपारीची वाटी पुढे केली. मी एक खांड उचलले, तोंडात टाकले नाही, मुठीत घेऊन घरी आले.

उन्नती संगणकासमोर बसली होती. चाळीस जणांना पत्रे लिहीत होती, प्रत्येकाला निराळे. चूक आमच्या बांधणीची होती, कुरियरची नव्हे. नवी सुकेळी माघात तयार होतील, तेव्हा पुन्हा पाठवू, तोवर थांबावे ही विनंती. मी तिच्या मागे उभी राहून ते वाचले. 'आमच्या' या शब्दावर मी थांबले. मग म्हणाले, "घाम सुटतो हे मला माहीत होतं."

तिची बोटे थांबली. ती वळली नाही.

"हो," ती म्हणाली. "खिडकीतली पिशवी उलटी ठेवलेली मी त्याच संध्याकाळी पाहिली, आई. वर पेपर होता. मला वाटलं, चुकून झालं असेल. तुम्ही असं कराल असं मनात आणायलाच मला चार दिवस लागले."

का, असे तिने विचारले असते तर मी काय सांगितले असते मला माहीत नाही; ओटी, कात्री, लाखेचा वास, यांतले काही एका वाक्यात मावणारे नव्हते. तिने विचारले नाही. मला ते अपमानासारखे लागले, आणि तो अपमान मला पुरेसा वाटला नाही. तिने पत्र पुरे केले, पाठवले, खुर्ची मागे सारली. चोवीस जुड्या अजून कोठीत चांगल्या होत्या. पोस्टाला दिवाळीपूर्वी पोचवायला आठवडा लागणार, म्हणजे सगळे उद्या दुपारच्या आत खिडकीवर जायला हवे. हे ती मला सांगत नव्हती, मोठ्याने मोजत होती. मग माझ्याकडे प्रथमच बघून म्हणाली, "मांजरपाटाची खळ धुऊन काढायला हवी. तुम्ही तेवढं आता करा. सकाळी शिवायला बसायचंय तुम्हाला."

या घरात मला कोणी काम सांगितले त्याला सासूबाई गेल्यापासून तीस वर्षे झाली होती. मी मोरीत बसून कापड धुतले. पाण्यावर खळीचा पांढरा तवंग आला, तो मी तीनदा ओतला.

सकाळी ओटीवर चटई पसरून आम्ही बसलो. तिने मला टाका दाखवला. तीन मला सहज आले. चौथ्यापाशी सुई आत शिरताना दोरा निसटे आणि गाठ बाहेरच्या बाजूला पडे. पहिले पार्सल तिने हातात घेतले, शिवण बोटाने चाचपली, आणि काही न बोलता कात्रीने सुरुवातीपासून उसवून माझ्या मांडीवर परत ठेवले. दुसऱ्यांदाही उसवले. तिसऱ्या खेपेला सुई माझ्या अंगठ्यात शिरली. मी अंगठा तोंडात धरला आणि तिच्याकडे पाहिले. ती हसली नाही. मी हसण्यासारखी बाई नाही, तिला ते सात वर्षांत शिकवून झाले होते. "पुन्हा घाला," ती म्हणाली. मी पुन्हा घातला. अकराच्या सुमारास माझे पहिले पार्सल उसवण्याचे टळले. तोवर तिची बारा झाली होती.

सुमेध कामावर जाताना पायरीशी घुटमळला. क्लासच्या बाईंना माघापर्यंत थांबतात का विचारतो, एवढेच तो बायकोला म्हणाला. तिने मान डोलावली. इंदूरच्या बाईचे उत्तर सकाळीच आले होते, थांबते म्हणून. बाकीच्यांची यायची होती, काहींची येणार नव्हती.

शेवटची शिवण संपल्यावर उन्नतीने ढिगातून एक पार्सल काढले. ते माझे होते. दोरा खेचून पाहिला, आणि "आंटींना दाखवून येते, गाठ बरोबर बसलीय का," असे म्हणून ती ते घेऊन बावखलाच्या कडेने चालू लागली. मी ओटीच्या खांबाला हात लावून उभी राहिले. पलीकडे रोझमेरी बाहेर आली. पांढरे डोके आणि काळे डोके माझ्या शिवणीवर वाकले. रोझमेरीने पार्सल उलटे केले, उन्हाकडे धरले, बोट फिरवले. ती काहीतरी म्हणाली. उन्नती हसली, मग रोझमेरीही हसली, आणि तो आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला, शब्दांवाचून. त्या माझ्या शिवणीला हसल्या की आणखी कशाला, हे मला कळेना. पोस्टाची खिडकी बंद व्हायला तासभर उरला होता; हाक मारून सुनेला बोलावून घेणे माझ्या अधिकारातले होते. मी हाक मारली नाही. अंगठा ठणकत होता. त्या दोघींपैकी कोणीतरी मान वर करून मला बोलावील, अशी वाट पाहत मी तिथेच उभी राहिले.